बोर्डिंग पासवर सीटच नव्हती: गुडघा बदललेल्या आईसोबत मुंबई ते लंडन

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात झालं. पूर्ण सांधा बदलला. जानेवारीत लंडनला भावाकडे बाळ येणार होतं, त्यामुळे डिसेंबरात आईला घेऊन जायचं हे आधीच ठरलेलं. टाके काढायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, "तीन महिने होऊ द्या, मग हरकत नाही. पण नऊ-दहा तास पाय दुमडून बसवू नका." पाय हलला नाही की पोटरीतलं रक्त वर ढकललं जात नाही, शिरेत गुठळी होऊ शकते, आणि सांध्याच्या ऑपरेशननंतर काही काळ हा धोका जास्त असतो, हेही त्यांनी समजावलं. पुढचे चार महिने माझ्या डोक्यात हे एकच होतं. इकॉनॉमीच्या खुर्चीत आईचा पाय कुठे जाईल?

शेवटी तिला पुढच्या वर्गाची सीट फुकट मिळाली. परत आल्यापासून ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत आणि ऑफिसात मला सगळे विचारतात, "कसं काय जमवलं?" फोनवर सांगताना दर वेळी अर्धं राहून जातं. मी जमवलं असं काही नव्हतं, पण जे घडलं ते का घडलं हे मला नंतर बरंच कळलं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

तिकिटं १८ सप्टेंबरला काढली. थेट विमान, दोघींचं जाऊन-येऊन १ लाख ३८ हजार. त्याच दिवशी नुसत्या आईचं बिझनेस क्लासचं तिकीट पाहिलं तर २ लाख ४० हजार. ते शक्यच नव्हतं. मग एकेक वाट चाचपायला सुरुवात केली.

पहिली वाट पॉइंट्सची. ऐरोलीच्या ऑफिसातून पूर्वी कामाचे दौरे व्हायचे, त्यामुळे या विमान कंपनीचं, वारंवार प्रवास करणाऱ्यांना मिळणारं सिल्व्हर कार्ड माझ्याकडे होतं आणि प्रवासाचे ३४ हजार पॉइंट्स पडून होते. फोन केला, तर आमच्या तिकिटावर पॉइंट्सने अपग्रेड, म्हणजे वरच्या वर्गाची सीट, मिळतच नाही म्हणाले. इकॉनॉमीच्या सगळ्या खुर्च्या सारख्या दिसल्या तरी प्रत्येक तिकिटावर भाड्याचं एक इंग्रजी अक्षर असतं. वाय म्हणजे पूर्ण भाडं, आणि खालची स्वस्त अक्षरं वेगळी. आमचं अक्षर अगदी तळातलं होतं. तुमच्याकडे पॉइंट्स असतील आणि ते वापरायचा विचार असेल, तर पैसे भरायच्या आधी हे अक्षर बघा. मी नंतर बघितलं.

दुसरी वाट डॉक्टरांच्या चिठ्ठीची. मला खरंच वाटलं होतं की ऑपरेशनचे कागद दाखवले की काहीतरी सोय करतील. फोनवरच्या मुलीने फार नीट सांगितलं, "मॅडम, ही चिठ्ठी आम्हाला हवी आहे, पण त्या प्रवास करू शकतात की नाही हे कळण्यासाठी. सीट बदलण्याचा त्याच्याशी संबंध नाही." त्यांचा एक वैद्यकीय माहितीचा फॉर्म असतो, मेडिफ म्हणतात. एक भाग आपण भरायचा, एक डॉक्टरांनी. तो भरून पाठवला आणि त्याच फोनवर व्हीलचेअर लिहून घेतली. किती चालता येतं, पायऱ्या चढता येतात का, हे विचारतात आणि त्याप्रमाणे बुकिंगवर कोड टाकतात. आईला पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही, म्हणून तिला डब्ल्यूसीएचआर मिळाला. आमच्याकडून व्हीलचेअरचे पैसे घेतले नाहीत. हे किमान ४८ तास आधी करावं लागतं. मी दीड महिना आधी केलं आणि आदल्या आठवड्यात पुन्हा फोन करून खात्री केली.

तिसरी वाट जास्त जागेच्या सीटची. इमर्जन्सी दाराजवळची रांग मोठी असते, पण मदत लागणाऱ्या माणसाला तिथे बसू देत नाहीत, कारण वेळ आली तर दार उघडण्याची जबाबदारी तिथे बसणाऱ्यावर असते. मग समोर भिंत असलेली पहिली रांग. ५,२०० रुपये जास्त मागत होते. ते भरायच्या आधी मी घरी एक प्रयोग केला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीसमोर ठेवून आईला अर्धा तास बसवलं. मग तीच खुर्ची पलंगासमोर ठेवली, म्हणजे पाय पलंगाखाली सरकवता येईल अशी. भिंतीपुढे गुडघा मोकळा राहिला, पण पाय सरळ होईना, टाच भिंतीला टेकायची. पलंगाखाली तो बराच पुढे गेला. आईच म्हणाली, "हे बरं आहे, ते नको."

मग लक्षात आलं की तिचा उजवा पाय आहे, तर पॅसेज तिच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे तो पाय अधूनमधून बाहेर लांब करता येईल. आमच्या विमानात तीन-तीन-तीन खुर्च्या होत्या. डावीकडच्या तिघांतली सी ही सीट बरोबर तशी येते. ती १,९०० रुपये भरून तिच्या नावावर घेतली. माझ्या सीटचे पैसे वाचवले, शेजारची मधली सीट काउंटरवर मिळेल असं धरून चालले. पुढचं सगळं रामायण या १,९०० रुपयांच्या बचतीतून झालं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेल आली, बोली लावा आणि अपग्रेड मिळवा. किमान बोली एका माणसाला ४१ हजार, आणि एका बुकिंगवर जितकी माणसं तितक्यांची एकदम लावावी लागते. म्हणजे ८२ हजार. बुकिंग तोडून आईचा पीएनआर वेगळा करता येतो, मग तिच्या एकटीसाठी बोली लावता आली असती. दोन दिवस मी याचा विचार केला. नाही केलं, कारण विमान रद्द झालं किंवा बदललं तर दोन वेगळ्या पीएनआरच्या माणसांना दोन वेगळ्या विमानांत टाकू शकतात. वयस्कर माणूस सोबत असेल तर पीएनआर तोडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमचं विमान १४ डिसेंबरला, शनिवारी पहाटे होतं. म्हणजे घरून निघायचं शुक्रवारी १३ तारखेला रात्री. आमच्या ओळखीत एक कुटुंब यातच एक दिवस चुकून उशिरा पोचलं होतं, म्हणून कॅलेंडरवर १३ वर लाल गोल करून ठेवला होता. वेब चेक-इन करायला गेले तर व्हीलचेअर असल्याने "काउंटरवर या" असा निरोप आला. माझं एकटीचं तरी होतंय का पाहिलं, तेही झालं नाही.

तयारीत एक गोष्ट सांगते. पायाला घट्ट बसणारे लांब मोजे नौपाड्यातल्या मेडिकलमधून १,४५० रुपयांना घेतले. ते घालायला दहा मिनिटं लागतात आणि सुजलेल्या पायावर चढत नाहीत, म्हणून घरूनच घालून निघायचं. निघण्यापूर्वी मी शिंप्याच्या टेपने आईच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३४ सेंटिमीटर, डावी ३३. एक पाय अचानक दोन-तीन सेंटिमीटरने वाढला आणि दुखू लागला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, असं आम्हाला सांगितलं होतं.

टॅक्सी नऊला आली. आनंदनगर नाक्यावरचा टोल लहान गाड्यांना दोनच महिन्यांपूर्वी बंद झाला होता, तिथे न थांबता पुढे गेलो तेव्हा आईला फार नवल वाटलं. पण पवईला शुक्रवारची गर्दी लागायची ती लागलीच. टर्मिनल दोनला पोचलो तेव्हा १० वाजून २० मिनिटं झाली होती. ८६० रुपये झाले.

काउंटरवर आईचा बोर्डिंग पास लगेच आला, तिची सी सीट छापलेली. माझा आला तर सीटच्या जागी जीटीई अशी तीन अक्षरं होती. मी विचारलं, हे काय? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आज इकॉनॉमी ओव्हरबुक आहे. तुमची सीट गेटवर मिळेल." मी म्हटलं, मिळेलच ना? तो म्हणाला, "बहुतेक मिळेल." या "बहुतेक"ने माझे हातपाय गार झाले. सोबत चार महिन्यांपूर्वी गुडघा बदललेली ७१ वर्षांची आई, जी कधी एकटी विमानात बसलेली नाही. मी त्याला आवाज न चढवता तीन गोष्टी सांगितल्या: आई व्हीलचेअरवर आहे, दोघी एकाच पीएनआरवर आहोत, आणि मी राहिले तर तिलाही उतरवावं लागेल. त्याने ते कॉम्प्युटरवर नोंदवलं. टाइप करताना मला दिसत होतं, म्हणून जरा धीर आला.

सुरक्षा तपासणीत गुडघ्यातल्या धातूमुळे दरवाजा वाजला. पडद्यामागे सीआयएसएफच्या महिलेने डॉक्टरांचं पत्र वाचलं, गुडघा हाताने तपासला, आणि "हळू चला, आजी" म्हणून सोडलं. ते पत्र बॅगेत नाही, हातात ठेवा.

गेटवर दोन तास होते. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा कळव्याचा निघाला, त्याने आईला खांबाजवळ, मोकळ्या जागी लावलं. मी डीजीसीएचे, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम फोनवर काढून वाचत बसले. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील, तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी विचारायचे. कोणी तयार नसेल आणि एखाद्याला नाइलाजाने ठेवलं, आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्यावी लागते. दुसरं विमान २४ तासांच्या आत असेल तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १० हजार. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, जास्तीत जास्त २० हजार. त्याच नियमात उलट बाजूही आहे. वरच्या वर्गाचे पैसे भरलेल्या माणसाला नाइलाजाने खाली बसवलं, तर फेब्रुवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतराप्रमाणे तिकिटाचे ३० ते ७५ टक्के परत मिळतात. लंडनसारखा साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर ७५.

वाचता वाचता मला कळत गेलं. मागे जागा कमी आणि पुढे रिकाम्या असतील, तर कंपनी मागच्या काही जणांना पुढे सरकवते. पुढेही भरलं, तर मागचे काही जण खाली राहतात. बोर्डिंग पासवर सीट नसलेला माणूस या दोन्ही याद्यांच्या तोंडाशी उभा असतो. माझ्या हातातल्या त्या तीन अक्षरांचा अर्थ दोन्हीपैकी काहीही होऊ शकत होता. फुकट अपग्रेडच्या आशेने मुद्दाम सीट न घेता जाऊ नका, एवढं त्या रात्रीवरून मी नक्की सांगेन. ज्यांना वेब चेक-इन करता येतं त्यांनी ते उघडल्याबरोबर करावं.

साडेबाराच्या सुमारास घोषणा झाली, उद्याच्या विमानाने जायला कोणी तयार आहे का, हॉटेल आणि भरपाई देऊ. पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा उठला, मग एक जोडपं. मी मनात त्या तिघांचे आभार मानले. दहा मिनिटांनी माझं नाव पुकारलं.

काउंटरवर निळ्या स्कार्फमधली एक मुलगी होती, माझं आडनाव वाचून सरळ मराठीत बोलली. "मॅडम, तुम्हाला बिझनेसमध्ये अपग्रेड केलंय. जुना पास द्या." मी विचारलं, आणि आई? "त्यांची सीट आहे की, त्या मागेच." मी विचारलं, माझंच नाव का? तिने सांगितलं, तुम्हाला सीट दिलेली नव्हती आणि तुमचं कार्ड आहे, म्हणून यादीत वर आलात. आईचं कार्ड नव्हतं आणि तिची सीट पैसे भरून पक्की झालेली होती, त्यामुळे तिचा विचार व्हायचं कारणच नव्हतं.

मी तिला आई दाखवली. खांबाजवळ बसलेली, मांडीवर पिशवी, उजवा पाय जमेल तेवढा पुढे काढून टाच जमिनीवर टेकवलेली. म्हटलं, "ही सीट तिला देता येईल का? मी तिच्या जागेवर बसते." ती म्हणाली, "अपग्रेड नावावर असतं." मग पडद्याकडे पाहून, "एकाच पीएनआरवर आहात ना? थांबा." तिने फोन लावला. वरिष्ठ आले, डॉक्टरांचं पत्र वाचलं, आईकडे एकदा पाहिलं, आणि मान हलवली. दोन्ही जुने पास घेतले, दोन नवे छापले. आईचा ६ ए, माझा तिची सी. चार-पाच मिनिटांचं काम, पण तोवर मी श्वास धरून होते. पीएनआर तोडला असता तर हे इतक्या सहज झालं नसतं, असं तिनेच सांगितलं.

आणि आई जायला तयार होईना.

"मी नाही एकटी बसायची. तिकडे मला कोणी काही विचारलं तर?"

"अगं, मध्ये पडदा आहे फक्त."

"तू जा पुढे. तुला झोप मिळेल. मी बसते माझ्या जागेवर, पैसे भरलेत तू त्याचे."

व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यांच्या आधी सोडतात, त्यामुळे वेळ नव्हता. मी तिच्यापुढे उकिडवी बसले, म्हटलं, "आई, डॉक्टर काय म्हणाले होते? पाय दुमडायचा नाही. मी दहा तास मागे बसून तुझ्या पायाचाच विचार करणार आहे." कळव्याचा मुलगा म्हणाला, "आजी, मी खुर्चीत बसवूनच येतो, चला." तेव्हा ती उठली. मी कागदावर इंग्रजीत तीन ओळी लिहून तिच्या हातात दिल्या: उजवा गुडघा बदलला आहे, दर दीड तासाने उठवून चालवा, शाकाहारी जेवण आधी सांगितलं आहे. मुलगी किंवा मुलगा मागच्या सीटवर असेल तर त्या सीटचा नंबरही लिहा. मी लिहिला होता.

असं अपग्रेड मिळालं की मूळ तिकीट तेच राहतं. लाउंज नाही, सामानाची मर्यादा इकॉनॉमीचीच, पॉइंट्सही तेवढेच. आईचं शाकाहारी जेवण तिच्या जुन्या सीटच्या नावाने मागे चढवलेलं होतं. ते माझ्यासमोर आलं, मी सांगितलं, आणि हवाई सुंदरीने ताट उचलून पुढे नेलं.

विमान वर स्थिरावल्यावर मी विचारलं, आईला एकदा बघून येऊ का? मागच्या प्रवाशांनी पुढे जायचं नसतं, पण दोन मिनिटं जा म्हणाल्या. पडद्याआड दिवे मंद केलेले. आईची खुर्ची उभीच होती आणि ती पाय लोंबकळत ठेवून ताठ बसलेली. "ते बटण दाबलं तर पैसे लागतील का?" तिने हळूच विचारलं. मी बटण धरून ठेवलं, खुर्ची संथपणे आडवी होत गेली, पायाखालचा भाग वर आला आणि तिची टाच त्यावर टेकली. चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा तो पाय बसल्या जागी पूर्ण लांब झालेला पाहिला. बाळासाठी तिने स्वतःच्या जुन्या नऊवारीची गोधडी शिवून आणली होती, ती सामानात न देता पिशवीतच ठेवली होती. विमानाची जाड रजई बाजूला सारून तिने तीच लहानशी गोधडी गुडघ्यावर घेतली. जांभळ्या काठाची, जेमतेम मांडीपासून पोटरीपर्यंत येणारी. "आधी मी पांघरते, मग त्याला," म्हणाली.

मी मागे येऊन तिच्या सी सीटवर बसले. उजवा पाय पॅसेजमध्ये काढून पाहिला. खरंच जात होता. पण खाण्याची गाडी आली की दर वेळी आत घ्यावा लागत होता.

हीथ्रोला दारात व्हीलचेअर उभी होती. आई पाच तास झोपली होती, आणि विमानातल्या हवाई सुंदरींनी तिला चार वेळा उठवून चालवलं होतं. माझी चिठ्ठी त्यांनी आपल्या कप्प्यावर चिकटवून ठेवली होती. भावाच्या घरी पोचल्यावर पहिलं काम टेप काढण्याचं केलं. उजवी पोटरी ३४.५, डावी ३३.५. भावाने विचारलं, हे काय चाललंय? आईने त्याला सांगितलं, "थांब, तिला मोजू दे."

परतीचं विमान २५ फेब्रुवारीला, मंगळवारी होतं. या वेळी मी दोन्ही सीटचे पैसे आधीच भरले, आणि आईच्या नावानेही मोफत सभासदत्व काढलं. इंग्लंडहून सुटणाऱ्या विमानाला तिथले नियम लागतात, नाइलाजाने खाली ठेवलं तर या अंतराला ५२० पाउंडांपर्यंत भरपाई आहे, तेही वाचून ठेवलं होतं. काहीच लागलं नाही. विमान अर्धं रिकामं होतं, म्हणजे कोणाला पुढे सरकवायची कंपनीला गरजच नव्हती. पण आमच्या मागची तीन खुर्च्यांची अख्खी रांग मोकळी होती. दिवे मंद झाल्यावर परवानगी घेऊन मधले दांडे वर केले आणि आईला आडवं केलं. "पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, दिसला पाहिजे, नाहीतर धक्के लागले की त्यांना उठवावं लागेल," असं तिथल्या मुलाने सांगितलं, तसा बांधला. गोधडी बाळाकडे राहिली होती. माझी शाल घडी करून तिच्या टाचेखाली ठेवली आणि मी समोरच्या रांगेत बसले.